आप्पांचं मशीन तांदळावर गेलं

"मालन, भाईर ये! मशीन येडं झालंया!"

शेडमधून आप्पांची हाक आली आणि आई तव्यावरची चपाती तशीच टाकून पळाली. मला पळणं शक्य नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, आठवा महिना सरत आला होता, आणि खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागे. मी चपाती उलटली, गॅस बंद केला आणि डुलत डुलत शेडमध्ये पोचले.

आप्पा मशीनसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. आई हनुवटीला बोट लावून.

आमच्याकडे बेदाणा निवडून देण्याचं काम चालतं. तासगावच्या आसपासचे बागायतदार द्राक्षं वाळवतात आणि सौद्याला, म्हणजे लिलावाला लावण्याआधी माल आमच्या शेडमध्ये आणतात. माल मशीनमध्ये वरून ओतायचा. तो घसरत खाली येताना आतला कॅमेरा एकेक मणी बघतो. काळा, डागी मणी दिसला की वाऱ्याचा फटका मारून त्याला बाजूच्या क्रेटमध्ये उडवतो. चांगला मणी सरळ खाली पडतो. काम एवढंच, पण आप्पांनी त्याच्यासाठी अर्धा एकर विकला होता.

त्या सकाळी बाजूचं क्रेट हिरव्या-पिवळ्या, नजर लागेल अशा बेदाण्यानं शिगोशीग भरलं होतं. आणि चांगल्या मालाच्या क्रेटमध्ये होते पांढरे खडे.

"बग," आप्पा म्हणाले, "खडं निवडलंया. बेदाणा फेकून दिऊन खडं निवडलंया!"

मी पडदा बघितला. इंग्रजीत लिहिलं होतं की रात्री आपोआप अपडेट झालं आहे, धन्यवाद.

"अपडेट झालंय, आप्पा. कंपनीनं केलंय."

"कुणाला इचारून?"

"विचारत नाहीत. आपोआप होतं."

"आन् धन्यवाद कशापायी?"

तेवढ्यात आईनं तोंड उघडलं. "अवं, मी काय म्हंते, जावयांस्नी एक फोन..."

"त्येचं नाव काढायचं न्हाय," आप्पा म्हणाले. आई परत चपातीकडे गेली.

आता हे जावई म्हणजे माझे यजमान, धैर्यशील. कऱ्हाडला एका कारखान्यात मशीनं चालू करून देण्याचं त्यांचं काम. आमच्या घरात मी त्यांना सरळ नावानं हाक मारते. माहेरी आले की 'हे' म्हणते, नाहीतर आईला झोप लागत नाही. आप्पांनी मशीन घेतलं तेव्हा ह्यांनीच सुट्ट्या टाकून टाकून त्याला बेदाणा ओळखायला शिकवलं होतं. किती हिरवा चालेल, किती पिवळा, डाग केवढा झाला की फेकायचा, सगळं. दिवसभर सासरा आणि जावई त्या पडद्यासमोर बसलेले असत. आप्पा "न्हाय" म्हणायचे, हे परत आकडे बदलायचे, आप्पा परत "न्हाय" म्हणायचे. पण शेवटी जमलं आणि त्या हंगामात आप्पा गावभर सांगत फिरले की माझ्या जावयानं लोखंडाला डोळं दिलं.

मग आला अधिक महिना. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. आईनं धोंडे केले, अनारसे केले, चांदीच्या ताटात वाण ठेवलं, भावकीला जेवायला बोलावलं. आणि नेमकं त्याच सकाळी आप्पांनी आमच्या स्वतःच्या बागेतला माल मशीनवर ओतला. मशीननं त्यातला निम्मा काळा म्हणून उडवला.

जेवताना कुणीतरी विचारलं, "काय आप्पा, मशीन कसं हाय?"

"मशीन बरं हाय," आप्पा म्हणाले. "पण ज्येनं त्येला शिकवलं, त्येला मालातलं काय कळतंय?"

ह्यांनी धोंड्याचा घास खाली ठेवला. "मशीन नातं बघत नाही, आप्पा. काळा मणी तो काळा."

"माझ्या बागंत काळा मणी? जेवता माझं आन् नावं बी मलाच ठेवता?"

हे भरल्या ताटावरून उठले. आमच्याकडे ह्यापुढे काही बोलायचं उरत नाही. "परत हा उंबरा ओलांडणार नाही," हे म्हणाले. "ओलांडू बी नगा," आप्पा म्हणाले. बायका माणसांसमोर रडत नाहीत म्हणून आई आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

तेव्हापासून माझ्या आयुष्यात फाटा आला. फाटा म्हणजे गावाकडे वळायचा रस्ता. हे मला गाडीनं फाट्यापर्यंत आणून सोडत, तिथून मला आणायला आप्पा येत. ह्यांची गाडी वळून गेल्याशिवाय आप्पांची गाडी पुढे यायची नाही. पोट वाढायला लागलं तरी हाच कार्यक्रम. बाळंतपणाला आले तेव्हाही पिशव्यांसकट फाट्यावर उतरले, बेवारशी टपाल उतरवावं तशी.

पण आता मला भीती वाटत होती. दवाखान्यात हे येतील, ते ठीक. पण दवाखान्यातून बाळाला घेऊन मी इथंच येणार. सव्वा महिना इथंच राहणार. बारसं इथंच होणार. बाळाचा बाप त्याला बघायला कुठं येणार होता? मी काय ओली बाळंतीण त्या पोराला दुपट्यात गुंडाळून फाट्यावर नेऊन दाखवणार होते? मी हे दोघांनाही विचारलं होतं. हे म्हणाले, "त्यांनी एकदा हाक मारू दे." आप्पा म्हणाले, "त्येनं एकदा यिऊ दे." दोघांनाही आपण फार मोठं मन दाखवतोय असं वाटत होतं.

तर त्याच दिवशी, मंगळवारी दुपारी कंपनीचा सांगलीचा माणूस आला. तांबोळी नाव. मोटारसायकलवरून उतरल्या उतरल्या त्यानं पडदा बघितला आणि हसला.

"हे बघा ताई, कंपनीनं अपडेट पाठवलं की मशीन मूळ सेटिंगवर जातं. आन् मूळ सेटिंग हाय तांदळाचं. हे मशीनच मुळात तांदळासाठी काढलेलं. आता त्याला वाटतंय आपण भाताच्या गिरणीत हाय. पांढरं ते चांगलं, बाकी सगळं केर."

"म्हणजे बेदाणा म्हणजे सडका तांदूळ?"

"बरोब्बर," तांबोळी म्हणाला.

आईनं मला झोपायला पिटाळलं. उठले तेव्हा तांबोळी गेला होता, शेड शांत होती आणि आप्पा पायरीवर बसून तंबाखू मळत होते.

"झालं का?"

"न्हाय जमलं त्येला," आप्पा म्हणाले. चिमूट तोंडात टाकली, फाट्याच्या दिशेला बघितलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "ज्येनं शेटिंग घातलं, त्येलाच ठावं म्हंतोय त्यो."

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. दोघीही काही बोललो नाही, कारण आप्पांना आपण काय बोललो हे कळलं असतं तर त्यांनी ते परत घेतलं असतं.

बुधवारी सकाळी मी शेडमध्ये मशीनपुढं खुर्ची टाकून बसले आणि ह्यांना फोन लावला. आप्पा पाठीमागं पोत्यावर, पाठ आमच्याकडे करून. माझे हात पडद्यावर हवेत म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. मी ह्यांना सगळं सांगितलं, तांदूळ, खडे, गुरुवारचा सौदा, थांबलेले लॉट.

"बरं," हे म्हणाले. "तांबोळी येऊन गेला म्हणालीस. त्याला जमलं नाही?"

मी मागं बघितलं.

"त्येला सांग," आप्पा भिंतीला म्हणाले, "त्यो पोरगा नवीन हाय."

"पोरगा नवीन आहे म्हणतात."

"ऐकू आलं मला. त्यांना विचार, मशीन चालू आहे की बंद?"

"आप्पा, मशीन चालू..."

"मी काय भैरा हाय? त्येला सांग, बंद हाय."

"बंद आहे."

"चालू करायला सांग."

"त्येला सांग, करतो."

आप्पांनी उठून खटका दाबला आणि परत पोत्यावर जाऊन पाठ फिरवली. हे असंच चाललं. दोन माणसं एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकत होती आणि मधे मी, आठ महिन्यांचं पोट घेऊन, इकडचं तिकडे करत होते. पोटातल्यानं दोन लाथा मारल्या. त्यालाही वैताग आला असावा.

ह्यांनी सांगितलं तसं मी एकेक बटण दाबत गेले. मग हे म्हणाले, "आता 'जतन केलेली सेटिंग' असं काहीतरी दिसेल. ते उघडू नको. थांब. आप्पांना जरा बाहेर जायला सांग."

"का?"

"सांग तर."

"त्येला सांग," आप्पा म्हणाले, "शेड माझी हाय. मी न्हाय जायाचा."

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "बरं. मग तू एकटी वाच. मनातल्या मनात. मोठ्यानं अजिबात नको."

मी उघडलं. इंग्रजी अक्षरांत आपली मराठी. आप्पा एकेक सेटिंग नापसंत करत गेले, तसं ह्यांनी प्रत्येकाला नाव देऊन ठेवलं होतं. सुरुवात सभ्य होती: 'हिरवा', 'पिवळा'. मग 'आप्पा नाही म्हणाले'. मग 'आप्पा परत नाही म्हणाले'. मग 'आप्पा उठून गेले'. 'जमदग्नी'. 'आप्पा जेवायला गेले तेव्हा'. 'जमदग्नी भडकले'. मी पदर तोंडात कोंबला. आठव्या महिन्यात हसू दाबणं किती अवघड असतं हे पुरुषांना कळायचं नाही.

"काय लिवलंय?" पाठीमागून आप्पा.

"आकडे आहेत, आप्पा. एक, दोन, तीन असे."

"मग रडायलीस का?"

"धूळ गेली."

"खालून दुसरा दाब," हे घाईनं म्हणाले.

मी खालून दुसरा दाबला. मशीन खडखडलं आणि सगळाच्या सगळा बेदाणा, काळा, पिवळा, काडी, खडा, चांगल्या मालाच्या क्रेटमध्ये ओतायला लागलं.

"सगळंच पास केलं ह्येनं!" आप्पा उठून उभे राहिले. "कुठलं दाबलंस?"

मी काय सांगणार? मी 'आप्पा जेवायला गेले तेव्हा' दाबलं होतं. शेवटच्या दोन ओळी पडद्याच्या खाली लपल्या होत्या.

"नाव वाच की त्येचं, पद्मे!"

"नाव नाही, आप्पा."

"न्हाय कसं? मला दिसतंया काय काय लिवलेलं. त्येला इचार, ज्येच्यावर माल बरोबर निघायचा त्येचं नाव काय?"

मला वाटलं लाइन गेली. मनात म्हटलं, देवा, जाऊ देच.

"जमदग्नी शांत," फोन म्हणाला.

आप्पा आता पाठ फिरवून नव्हते. ते माझ्या खुर्चीशेजारी येऊन फोनकडे वाकून बघत होते, फोनला तोंड असल्यासारखे. त्यांच्या मिशा हलत होत्या. मी मनात हिशोब केला की आता बारसं कऱ्हाडलाच होणार आणि आई तिकडं परक्यासारखी येणार.

"आन् शांत," आप्पा म्हणाले, "शांत कवा झाला म्हनायचा त्यो?"

'त्येला इचार' नव्हतं. मी इकडे-तिकडे बघितलं, पण निरोप्याचं काम संपलं होतं.

"तुम्ही क्रेटमधला एक मणी उचलून तोंडात टाकलात," हे म्हणाले, "आणि नाही म्हणाला नाहीत. तेव्हा."

"मणी ग्वाड हुता म्हणून."

"हो. तेव्हाच ठेवलं ते नाव."

मी पडदा वर सरकवून 'जमदग्नी शांत' दाबलं. मशीन थबकलं आणि मग फट् फट् फट् करत काळे मणी बाजूला उडायला लागले. खाली हिरवा-पिवळा बेदाणा पडायला लागला. आप्पांनी बाजूच्या क्रेटमधली मूठभर उचलली, उजेडात धरली. आमच्याच बागेचा माल होता तो.

"गेल्या साली बी असाच हुता," ते फोनला म्हणाले. "डागी. मला दिसत हुतं. पर भावकीसमोर कसं म्हनायचं?"

हे म्हणाले, "मी ताटावरून उठायला नको होतं, आप्पा."

"ते बी खरंच हाय." आप्पांनी हातातले मणी परत क्रेटमध्ये टाकले. "औंदाचा मणी बारीक हाय. शेटिंग जुनं पडतंया. यिऊन बगायला पायजे कुनीतरी."

"रविवारी येऊ?"

"आता शेडला कुठला आलाय उंबरा? या, पाव्हणं."

त्यांनी स्वतःच बोट दाबून फोन बंद केला आणि मला म्हणाले, "जमदग्नी म्हंजे त्यो परशुरामाचा बाच न्हवं? मोठा माणूस हुता त्यो." आणि बाहेर गेले.

गुरुवारी आप्पा सौद्याला गेले आणि मोबाइल चार्जिंगला विसरले. तो वाजला. मी उचलला.

"आप्पा, तांबोळी बोलतोय. चालू केलं का मशीन?"

"मी त्यांची मुलगी बोलतेय. चालू झालं की काल. आमच्या ह्यांनी सांगितलं."

"व्हय का? बरं झालं. मी आपला काळजीत. मी मंगळवारीच लावून दिलं हुतं, ताई. ते ऋषीचं नाव हाय बघा, त्याच्यावर. फस्क्लास चाललं. आप्पांनी सगळी नावं माझ्याकडनं वाचून घेतली आन् पोट धरून हसले. आन् मग म्हणाले, परत तांदळावर टाक. म्या म्हटलं, का? म्हणाले, टाक म्हंतो तर टाक, आन् कुणाला बोलू नगो. अकरा वर्सं झाली मला ह्या कामात, चालू मशीन बंद करून घेणारं गिऱ्हाईक पैलंच."

आप्पा आले तेव्हा मी त्यांना पायरीवरच गाठलं. त्यांनी आधी तांबोळीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग काय करू? तू इचारलीस बाळाला फाट्यावर नेऊ का म्हणून. मला घास जाईना त्या दिसापासनं. फोन हातात घ्यायचो आन् ठेवायचो. हाक मारायची कशी ते मला येतच न्हाय, पद्मे. देवानं मशीन बिघडवून दिलं, तर त्या तांबोळ्यानं लगेच नीट केलं!" ते खरोखर चिडले होते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाव्हण्याला कळू दिऊ नगंस. हसंल मला."

मी शपथ घेतली. रविवारपर्यंत ती पाळली, म्हणजे माझ्या मानानं खूपच.

रविवारी ह्यांची गाडी फाट्यावर थांबली नाही. सरळ अंगणात आली. आप्पा शेडच्या दाराशी उभे होते, मशीन पुसून लख्ख. हे उतरले, आप्पांच्या पाया पडले, आणि शेडमध्ये न शिरता सरळ उंबरा ओलांडून घरात आले. आई पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी राहिली. बाहेर आप्पा शेडचं दार धरून तसेच.

आतल्या खोलीत मी ह्यांच्याकडे बघितलं आणि मला राहवेना. "तुम्हाला एक सांगायचंय. आप्पांनी मंगळवारीच..."

"माहीत आहे," हे म्हणाले.

त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. मशीन चालू करून दिलं तेव्हा नोंदणीत ह्यांचाच नंबर घातला होता. कुणी सेटिंग बदललं की ह्यांना मेसेज यायचा. आधी अपडेटचा मेसेज होता. त्याखाली मंगळवार दुपारचा: 'जमदग्नी शांत' चालू. आणि त्याच्या खाली लगेच: तांदूळ चालू.

"पहिला आला तेव्हा म्हटलं, बसा आता बोंबलत. दुसरा आला, म्हटलं, सुटले. आणि मग हा तिसरा." हे खाटेवर माझ्याजवळ बसले. "आधी वाटलं चुकून दाबलं. मग कळलं. भर हंगामात, पोती थांबलेली असताना, त्या माणसानं चालू मशीन बंद केलं, पद्मा. माझ्यासाठी. तुझा फोन येईपर्यंत मी मोबाइल खाली ठेवला नाही."

"म्हणजे आप्पांनी नावं वाचली असणार हे तुम्हाला माहीत होतं? मग त्यांना बाहेर पाठव, मोठ्यानं वाचू नको, हे कशाला?"

"अगं, एवढं नाटक त्यांनी उभं केलं. मी नको का नीट काम करायला?"

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हटलं, "आप्पांना सांगू?"

"खबरदार," हे म्हणाले.

आमची लेक आता शाळेत जाते. तिचं बारसं त्याच घरात झालं. घुगऱ्या वाटून झाल्यावर आप्पांना राहवलं नाही. पाव्हण्याला कसा गुंडाळला, ती हकिकत त्यांनी सगळ्या भावकीसमोर सांगून टाकली. तेव्हापासून घरात काही कार्य निघालं की ते ही हकिकत सांगतात, मशीन परत तांदळावर टाकलं इथपर्यंत आले की मांडीवर थाप मारतात. आणि हे दर वेळी घास हातात धरून, डोळे मोठे करून म्हणतात, "काय सांगता आप्पा! मला तर पत्ताच लागला नाही."